चेअरमनसाहेबांचा नंबर

मानवतच्या अलीकडं, रस्त्याला लागून कापसाची एक सहकारी जिनिंग होती. नाव सांगत नाही. नावावरून आपल्याकडं काय काय होतं ते आपण सोळा वर्षं पाहिलं. ज्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा एकदाचा निकाल लागला, त्याच महिन्यात या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आले. सोळा वर्षं एका नावावरून गावं पेटती ठेवणाऱ्या मंडळींचे हात तेव्हा नुकतेच मोकळे झाले होते. जिनिंगचे चेअरमन व्यंकटराव त्यांतलेच. मोकळ्या हाताला काहीतरी काम लागतं.

कॉम्प्युटर तीन होते. एक वजनकाट्यावर, एक ऑफिसात आणि एक चेअरमनसाहेबांच्या खोलीत. या तिघांना वायरनं जोडलेला चौथा एक डबा ऑफिसच्या कोपऱ्यात होता. त्याच्यापुढं खुर्ची नव्हती, म्हणून त्याला कोणी कॉम्प्युटर म्हणत नसे. काट्यावर कापसाच्या गाडीचं वजन टाकलं की ते वायरीतून डब्याकडं जाई, डबा हिशेब करी आणि काट्यावरच्या छपाईयंत्रातून पावती बाहेर पडे. पूर्वी या कामाला दोन कारकून आणि एक भांडण लागायचं.

या सगळ्याचा कारभार बन्सीधरकडं होता. बन्सीधर वालूरकडच्या एका खेड्यातला, बी.कॉम., औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन आलेला. तो बोलताना मधूनमधून "सिस्टीम" म्हणे आणि समोरचा गप्प बसे. काट्यावर कमल होती. दहावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, धनगराघरची पोरगी. तिची आई कोंडाबाई त्याच जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर रोजानं होती. कमलची नोकरी हंगामापुरती. हंगाम संपला की तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते व्यंकटराव ठरवणार होते. ते कधी ठरवतील हे कोणी विचारत नव्हतं. कोंडाबाई मात्र रोज संध्याकाळी लेकीला विचारायची, "आज काई म्हनले का गं साहेब?"

जोडणी करायला पुण्याहून इंजिनिअर आला होता. चहा पीत पीत त्यानं बन्सीधरला समजावलं, "वायरीवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर लागतो. घराला असतो ना, तसा. दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन कुठं जाईल? आधी आम्ही एकेका यंत्रात हातानं नंबर लिहायचो. आता नवीन सोय आहे. या डब्याला एकदा सांगून ठेवायचं, की अकरापासून पुढचे नंबर वाट. सकाळी जो चालू होईल तो डब्याकडं नंबर मागतो आणि डबा हातात असलेला पुढचा नंबर देतो. आपोआप. तुम्ही लक्षही द्यायचं नाही. डबा स्वतः मात्र कायम एक नंबर. सगळे त्यालाच हाक मारणार, म्हणून त्याचा नंबर हलवायचा नाही."

"हलवायचा न्हाई," बन्सीधर म्हणाला. त्याला सगळं समजलं होतं. पुढं जे झालं ते न समजल्यामुळं झालं असतं, तर इतकं वाईट वाटलं नसतं.

इंजिनिअर पुण्याला गेला. दुसऱ्याच दिवशी व्यंकटरावांनी खोलीतला कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू करवला. पडद्यावर अक्षरं आली आणि शेवटी नंबर आला. तेरा.

"तेरा म्हंजे?"

"तुमचा नंबर, साहेब. आपोआप मिळतो."

"अन् तुला?"

"बारा."

"काट्यावरच्या पोरीला?"

बन्सीधरनं घसा साफ केला. "अकरा. ती पहिल्या एस्टीनं येते. तिचं यंत्र आधी चालू होतं, म्हणून."

"आधी येईल त्याला आधी नंबर? ही काय एस्टी हाय का, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला?" व्यंकटराव खुर्चीत मागं रेलले. "बरं, एक नंबर कोन्हाला दिलाय?"

"त्या डब्याला."

"डब्याला!" व्यंकटराव हसले. त्यांच्या हसण्यानं भल्याभल्यांच्या बदल्या झाल्या होत्या. "डबा निवडून आलाय का, बन्सीधर? की मी आलोय?"

यावर सिस्टीमचं उत्तर बन्सीधरला माहीत होतं, पण ते त्या खोलीत देण्यासारखं नव्हतं. तो ऑफिसात येऊन बसला आणि विचार करू लागला. विचार करताना माणूस औरंगाबादला शिकलेलं विसरतो आणि गावात शिकलेलं आठवतो.

त्याच्या गावात पोळ्याला पहिला मान कोणाच्या बैलांचा, यावरून दोन घरांत वाद होता. तोरणाखालून आधी कोणाची जोडी जाणार? वाद इतका चिघळला की एका पोळ्याला दोन्हीकडचे बैल दिवस मावळेपर्यंत झुली पांघरून उभेच राहिले आणि अख्ख्या गावाची जनावरं त्यांच्या मागं ताटकळली. शेवटी बन्सीधरच्या वडिलांनी, सटवाजीनं, तोड काढली. दोन्ही जोड्या बरोबरीनं, एकाच वेळी तोरणाखालून काढायच्या. पहिला मान दोघांचाही. तोरण रुंद करावं लागलं, पण वाद मिटला. त्या दिवसापासून पंचक्रोशीत सटवाजीला कोणी भांडण मिटवायला बोलावल्याशिवाय राहत नसे.

बन्सीधरनं तेच केलं. चेअरमनसाहेबांच्या यंत्रात जाऊन "नंबर आपोआप घ्या" होतं ते काढून "नंबर स्वतः लिहा" केलं आणि लिहिलं, एक. डब्यालाही एक, साहेबांनाही एक. मान बरोबरीचा. यंत्रानं एक बारीक शिट्टी दिली आणि पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. बन्सीधरनं त्या वाचल्या आणि पुसून टाकल्या.

व्यंकटरावांनी पडद्यावरचा एक बघितला, मान डोलावली, यंत्र बंद करवलं आणि त्याच्यावर घरून आणलेलं विणकामाचं झाकण घातलं. मग ते बरेच दिवस निघालं नाही. यंत्र बंद असल्यानं वायरीवर एक नंबर एकटाच होता आणि जिनिंग झकास चालली. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि दिवस मावळायच्या आत संपे. शेतकरी कमलच्या खिडकीतून पावती घेताना म्हणत, "माय, तुझं यंत्र लय गुणाचं हाय." कमल लाजायची. बन्सीधर मागून म्हणायचा, "सिस्टीम हाय."

मग व्यंकटरावांनी जिंतूरकडच्या दोन-तीन संस्थांच्या चेअरमन मंडळींना आमचे कॉम्प्युटर बघायला या म्हणून बोलावलं. बन्सीधरनं त्याच दिवशी वडिलांनाही कापूस घेऊन यायला सांगितलं. पोरगा काय करतो ते सटवाजीनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं गाडी जुंपली, धुतलेलं धोतर नेसला आणि रांगेत येऊन उभा राहिला. रांगेत त्यानं पुढच्या-मागच्या गाडीवाल्यांना सांगितलं, "हे समदं माज्या बन्सीच्या हातात हाय." आधी कोणी ऐकलं नव्हतं म्हणून पुन्हा सांगितलं.

पाहुणे आले. नारळ फुटला. झाकण निघालं. व्यंकटरावांनी स्वतःच्या बोटानं कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर एक नंबर आला. टाळ्या झाल्या.

काट्यावर पावत्या बंद पडल्या.

कमलनं वजन टाकलं, ते वायरीत गेलं आणि त्यानं एक नंबरला हाक मारली. एक नंबरवाले आता दोन होते. हाकेला साहेबांचं यंत्र ओ द्यायचं, वजन घ्यायचं आणि त्याचं काय करायचं ते ठाऊक नसल्यानं गप्प बसायचं. कमलनं पुन्हा वजन टाकलं. पुन्हा गप्प. काट्यावर गाडी, गाडीच्या मागं गाडी, थेट रस्त्यापर्यंत. बैल फुसफुसायला लागले आणि माणसं ओरडायला.

"ए बाई, झोपलीस का?"

"पावती दे की! का कापूस माघारी घिऊन जावा?"

पाहुण्यांना घेऊन व्यंकटराव काट्याकडं आले. मागं बन्सीधर. बाजूच्या गंजीवरच्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. त्यांत कोंडाबाई होती.

"काय झालं, बन्सीधर?"

बन्सीधरला काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. सांगायचं वाक्यही लहान होतं: साहेब, तुमचं बंद करा, मग काम चालेल. तो ते मनात जुळवून पाहत होता. कुठूनही सुरुवात केली तरी ते तसंच ऐकू येत होतं. शेजारी जिंतूरचे पाहुणे होते. रांगेत त्याचा बाप होता.

"काट्यावर चुकीचं बटन दाबलं गेलंय, साहेब," तो म्हणाला.

कमलनं वळून त्याच्याकडं पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली. तिनं कळफलकावरून हात असे उचलले, जणू तो तापलेला तवा होता.

"चुकलं, साहेब," ती म्हणाली. "पुन्यांदा न्हाई दाबनार."

"मेंढरं हाकणं वेगळं अन् हे वेगळं, बाई," व्यंकटराव पाहुण्यांकडं बघत म्हणाले. पाहुणे हसले. रांगेतलेही काही हसले. दोन तास उभं राहिलेल्या माणसाला हसायला काहीही चालतं. "बन्सीधर, हिला घरी बसव. उद्यापासून दुसरं कोन्ही बघ."

कमलनं पिशवी उचलली. ती खिडकीशेजारच्या दारातून बाहेर आली तेव्हा बायकांनी वाट करून दिली. कोंडाबाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पदरानं तोंडावरचा कापूस झटकला आणि लेकीच्या मागं चालू लागली. तिचाही अर्ध्या दिवसाचा रोज गेला.

पाहुणे जेवायला बसले. बन्सीधर साहेबांच्या खोलीत गेला. "नंबर स्वतः लिहा" काढलं आणि "नंबर आपोआप घ्या" केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तो काट्यावर येऊन बसला, वजन टाकलं आणि पावती बाहेर आली. रांगेतून आवाज उठला, "आला गड्या आला! याला म्हनतेत शिकलेला मानूस!"

बन्सीधरनं मान वर केली नाही. एकेक गाडी पुढं सरकत होती. सटवाजीची गाडी काट्यावर आली. सटवाजी बैलांपाशी थांबला नाही. सरळ खिडकीत येऊन डोकावला. चेहरा उजळला होता.

"बन्सी, लय भारी काम हाय की रे तुजं. तुजा हात लागला अन् चालू झालं."

"हं."

"त्या पोरीनं काय केल्तं म्हनं?"

"बटन दाबलं, आबा. चुकीचं."

"कोन्तं? दाव बरं. गावात सांगाया बरं पडंल."

बन्सीधरनं कळफलकाकडं पाहिलं. एखादं कोपऱ्यातलं दाखवलं असतं तरी चाललं असतं, पण खोटं बोलायलाही माणसाला जरा स्वस्थता लागते. त्यानं समोरचं मोठं बटन दाखवलं. "हे."

सटवाजीनं ते नीट बघून घेतलं. तेवढ्यात काट्याचा आकडा स्थिर झाला, बन्सीधरनं वजन टाकलं आणि तेच मोठं बटन दाबलं, कारण त्याच्याशिवाय वजन पुढं जातच नाही. पावती बाहेर आली.

"आता तू बी त्येच दाबलास की."

"ते कसं दाबलं त्याच्यावर हाय, आबा."

"आस्सं," सटवाजी म्हणाला. आयुष्यभर लोकांची भांडणं मिटवलेला माणूस होता. कोण खोटं बोलतंय हे त्याला शब्दांवरून ओळखावं लागत नसे. तो पोराकडं बघत राहिला आणि बन्सीधर छपाईयंत्रातला कागद सरळ करत राहिला. कागद सरळच होता.

"त्या पोरीचं काय व्हईल?"

"हंगामी हाय ती, आबा. तशीबी..."

"मी तुला हंगामी का कायम ते न्हाई इचारलं."

मागच्या गाडीवाल्यानं पुढं येऊन विचारलं, "सटवाजी, ह्योच का तुमचा लेक?"

सटवाजीनं पावती घेतली, घडी घातली आणि बैलांच्या कासऱ्याला हात घातला.

"आमच्या गावचा हाय," तो म्हणाला.

ते वाक्य बन्सीधरनं बसल्या जागी ऐकलं. अजून पुष्कळ गाड्या राहिल्या होत्या. त्यानं त्या सगळ्यांची वजनं केली. प्रत्येक वेळी मोठं बटन दाबलं आणि प्रत्येक वेळी पावती आली.

काम संपल्यावर तो रस्त्यावरच्या एस्टीच्या थांब्यावर गेला. दुपारची गाडी चुकलेली होती, म्हणून माय-लेकी अजून तिथंच बसल्या होत्या. कमल जमिनीकडं बघत बोटं हलवत होती. टायपिंगचं काहीतरी मनातल्या मनात आठवून बघत असावी.

"कमल," बन्सीधर म्हणाला, "तुजी चूक नव्हती."

कमलनं वर पाहिलं.

"तू काई चुकीचं दाबलं न्हाई. मीच साहेबाच्या यंत्राला डब्याचा नंबर दिला होता. मानाचा म्हनून. त्यानं बंद पडलं."

कमल म्हणाली, "साहेबाला सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग आमाला काऊन सांगायलाव?" कोंडाबाई बोलली. आवाज चढलेला नव्हता. "दुपारपासून ही म्हनायली, आपल्याच हातून झालं आसंल, आये, मी शिकून घेईन, पुन्यांदा चुकायची न्हाई. तेवढा तरी धीर व्हता तिला. आता तुमी तो बी काढून घेतलाव. आता तिला ठाव हाय की चुकली न्हाई, अन् समद्या जिनिंगला ठाव हाय की चुकली. ह्याचं काय करावं आमी? घरी निऊन ठिवावं का?"

बन्सीधर पायानं माती सरकवत राहिला. "उद्या ये तू कामावर," तो कमलला म्हणाला.

"साहेब काई बोलले तर?"

"मी हाय ना."

"आज बी तुमी व्हतावच की," कमल म्हणाली.

तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. हजेरी घेतल्यासारखं म्हटलं होतं. तेवढ्यात एस्टी आली आणि त्या चढल्या.

दुसऱ्या दिवशी कमल आली. यायचं कारण आईनं दिलं होतं: काल केलेल्या कामाचा रोज तरी मागून घे. तिनं यंत्र चालू केलं, नंबर आला अकरा, आणि ती कामाला लागली. दुपारी जेवून व्यंकटराव आले. जीपमधून उतरताच त्यांना खिडकीत कमल दिसली.

"ही काऊन बसली परत? मी काय म्हनलं होतं, बन्सीधर?"

रांग तशीच होती. गंजीवर बायका होत्या. बन्सीधरनं रात्रभर एक लांब भाषण तयार केलं होतं. त्यात सिस्टीम होती, वायर होती, पुण्याचा इंजिनिअर होता आणि कोणाचा दोष कुठंही नव्हता. ते त्याला एकदम आठवेना.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी चालू झालाव की काटा बंद पडतो."

रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं आणि ते हसू गाडीमागून गाडी करत रस्त्यापर्यंत गेलं. बैलांनासुद्धा कान टवकारावेसे वाटले.

"म्हंजे मी बंद असलो की काम चालतं, असं म्हनायलास का तू?"

"यंत्राचं म्हनतोय, साहेब. तुमाला एक नंबर मी दिला. डब्याचाच दिला. तुमी मागितला म्हनून दिला, पन दिला मी. ह्या पोरीनं काईच चुकीचं केलं न्हाई. काल मी खोटं बोललो."

"अन् आता माजा नंबर कितवा?"

"आधी येईल त्याला आधीचा."

"मी तर रोज जेवून येतो."

"मंग जेवून आल्यावर जो उरंल तो, साहेब."

व्यंकटराव खोलीत गेले. पडद्यावर काय उरलं होतं ते त्यांनी पाहिलं असावं, कारण बाहेर आले ते बन्सीधरला बारदान्याच्या गोदामावर नेमल्याचं सांगायलाच. गोदामात रिकामी पोती मोजायची होती आणि तिथं वायर नव्हती. कमलला त्यांनी काही म्हटलं नाही. तिला काढलं तर काट्यावर बसायला दुसरं कोणी नव्हतं. होता तो बारदान्यावर चालला होता. तिला कायम करायचं मात्र त्यांनी त्या हंगामात नाव काढलं नाही.

रांगेतले दोघं-तिघं उतरून आले आणि बन्सीधरच्या पाठीवर थाप मारू लागले. "वा गड्या! तोंडावर बोललास!" एकजण तर चहाला चल म्हणत होता. काल हसले होते त्यांतलाच तो होता. बन्सीधरला त्या थापा सहन होईनात. जे काल एका वाक्यात व्हायचं होतं, त्यासाठी आज त्याचं कौतुक चाललं होतं. ज्यानं ऐकायला हवं होतं तो सटवाजी तर रिकामी गाडी घेऊन कालच गावाकडं गेला होता.

गर्दीतून निघून तो काट्याच्या खिडकीशी आला. कमलला काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं. तो नुसताच उभा राहिला.

कमल काट्याचा आकडा बघत होती. तिनं मान न वळवता हातानं खूण केली.

"जरा बाजूला सरा," ती म्हणाली, "उजेड आडवायलाव."